दोन रुपये कमी

डॉक्टर म्हणाले, शंभरातून सात वजा करत चला.
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी –
तेवढ्यात खाली कुणीतरी स्कूटरला किक मारली
आणि मी बहात्तरावर बसून राहिले.
बरं, म्हणाले, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं.
मी विचारलं, भिंतीवरचं की मनगटावरचं?
ते हसले, आणि कागदावर काहीतरी लिहिलं.
हसण्याचे गुण देतात की कापतात
कोण जाणे.

एकतीस वर्षं मी कानाला पट्टा लावून बसले होते,
ट्रंक बोर्डावर.
रावपुऱ्यातले वकील, मांडवीचे सराफ
नंबर सांगायचेच नाहीत.
'मंदाबेन, भरूचला भावाला लावा', एवढंच.
कुठल्या भोकात कुठली दोरी
ते बोटांना ठाऊक.
आता दोऱ्या गेल्या.
भोकं आहेत.

तेजल, माझी सून, रोज चिठ्ठी लिहून देते.
ती मी चपलांच्या कपाटावर विसरून जाते, मुद्दाम.
(मुद्दाम, असं मी सांगते.)
दांडिया बाजारातून खंडेराव मार्केटपर्यंत चालताना
बाबांनी घोकून घेतलेली औटकी म्हणते पुटपुटत,
आठच्या पुढे अडते,
मग परत पहिल्यापासून.
एकदा एका रिक्षावाल्यानं विचारलं, कुठला मंत्र, माशी?
म्हटलं, साडेतीनाचा.

जसुबेनकडे पापडी पस्तीसची,
तुरीच्या शेंगा अठ्ठावीसच्या,
लीली हळद बारा.
शंभराची नोट दिली की ती तेवीस परत करते.
दोन कमी, मी म्हणते.
'अरे माशी, तमारुं मगज तो जुओ!' म्हणत
कपाळावर हात मारते, दोनचं नाणं देते.
हे बारा वर्षं. रोज.
कधी तीन नाहीत, कधी पाच नाहीत.
मुलगा म्हणतो, चोर आहे ती, दुसरीकडून घे.
त्याला काय सांगणार?
परत येताना त्या दोन रुपयांनी
पिशवी हलकी होते.

गेल्या मंगळवारी मी जुबिली बागेपर्यंत पोचले होते.
मागून हाका आल्या.
जसुबेन, अनवाणी, धापा टाकत,
दुकान उघडं टाकून आलेली.
माझी मूठ उघडली, नाणं ठेवलं, मूठ मिटली.
काही बोलली नाही.
कपाळावरही हात मारला नाही.
बसचा हॉर्न वाजत होता, आम्ही दोघी वाटेत उभ्या.
तेव्हा कळलं
इतकी वर्षं पेपर कोण काढत होतं.

बुधवारी तिनं पंचवीस दिले.
बरोब्बर पंचवीस.
मी तीनदा मोजले.
मग इतकी रागावले की कोथिंबीर तिथेच राहिली,
घरी आले, चहा नको म्हटलं,
तेजलनं विचारलं, पाय दुखतायत का?
दुखतंय म्हटलं. कुठे ते सांगितलं नाही.
गुरुवारीही पंचवीस.
शुक्रवारी मी गेलेच नाही.

आज शनिवार.
(वार मला विचारावे लागत नाहीत, डॉक्टर.)
आज रताळी घेतली, वांगी घेतली,
एकूण अडुसष्ट.
मी सहासष्ट मोजून तिच्या हातात ठेवले
आणि वाट पाहत उभी राहिले.
तिनं न मोजता डब्यात टाकले.
पुढच्या गिऱ्हाईकाला मिरच्या तोलू लागली,
वजन चुकलं, परत तोललं,
डोळ्यांजवळ नेऊन काट्याकडे पाहिलं.
केसांची मेंदी मुळाशी उतरलेली.
तिलाही साठी उलटून गेली असणार,
मी कधी हिशेबच केला नव्हता.

'जसु,' मी म्हटलं, 'दोन कमी आहेत.'
डब्याकडे पाहिलं तिनं. मग माझ्याकडे.
मी नाणं पुढे केलं.

उद्या रविवार, गर्दी असेल.
सुट्टे आत्ताच काढून ठेवलेत,
पदराच्या गाठीत,
दोन कमी.